पिवळ्या पेटीतले सेल

१

पिवळी पेटी जागच्या जागी होती. कपाटावर, गोधड्यांच्या घडीआड, कड्या नीट लावलेली. म्हणूनच सुचितानं ती निर्धास्तपणे खाली घेतली, कड्या उघडल्या आणि झाकण हातात धरून ती पाहतच राहिली.

काळ्या फोममध्ये विटेएवढा खळगा होता. खळग्यात यंत्र नव्हतं. बाजूच्या कप्प्यात त्याचे सेल तेवढे एकाशेजारी एक निजवून ठेवलेले होते.

बाहेर पोळ्याची सकाळ उजाडली होती. शेजारच्या अंगणात बैलांच्या शिंगांना रंग लागत होता, घुंगरं वाजत होती. समोरच्या खोलीत आई बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावून पंचशील म्हणत होती. पावसाळ्याच्या तीन महिन्यांचा वर्षावास चालू होता, आणि या दिवसांत आईचे, प्रमिलाबाईंचे, नेम फार कडक. दुपारनंतर अन्न नाही, कोणाला उणा शब्द नाही, खोटं तर चुकूनही नाही. पहिलं शील झालं आणि तिला ठसका लागला. पाणी पिऊन ती पुढं म्हणू लागली. रोजचा तो सूर सुचिताला पाठ होता, पण आज तिचे कान जागेवर नव्हते.

यंत्र तिचं नव्हतंच. ती इंग्लंडात लीड्सला बांधकाम व्यवस्थापनात एम.एस्सी. करत होती, आणि प्रबंधापुरतं विद्यापीठानं ते तिच्या सहीवर दिलं होतं. काँक्रीटवरून फिरवलं की आतलं लोखंड जवळ असेल तिथं ते टूं टूं करायचं, खोल असेल तिथं गप्प बसायचं. गावाकडच्या छोट्या बांधकामांत लोखंड जागेवर बसतं की नाही, हा तिचा विषय.

काल संध्याकाळी संत्र्यांचे आडते नत्थूजी यांच्या नव्या इमारतीच्या गॅलरीवर ते गप्प बसलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

भिंतीतून नुसत्याच बाहेर आलेल्या गॅलरीला ताण वरून बसतो. तिचं लोखंड वरच्या अंगाला पाहिजे. खाली गेलं तर असून नसल्यासारखं. भिंतीपाशी केसाएवढी एक भेगही सुचिताला दिसली होती. आज शिडी लावून खालून तपासायचं होतं; खाली ते वाजलं तर शंकाच उरणार नव्हती.

"आई, माही मशीन पाह्यली का वं?"

"पेटीत पाय ना," आई मेणबत्ती सारखी करत म्हणाली. निळ्या फुलांच्या साडीचा पदर तिनं खोचून घेतला.

"पेटीत नाही. काल मी नसताना कोण आलं होतं?"

"अंकुश येऊन गेला दुपारी. चहा पिऊन गेला."

"तू तं नाही ना कुठं उचलून ठेवली?"

"तुह्या पेटीले हात लावाची माही सवय आहे का?" आई म्हणाली आणि चुलीकडे वळली.

नव्हतीच. सुचिता खाटेवर बसली. पहिल्याच आठवड्यात गाइड मॅडमनी वर्गाला एक यादी वाचायला लावली होती, कुठल्याशा पडलेल्या गॅलरीत जीव गेलेल्यांची. एकेका विद्यार्थ्याला एकेक नाव. सुचिताच्या वाट्याला आलेलं नाव तिच्या आईच्या वयाच्या बाईचं होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहून एकमेकांवर दगड फेकतात, आणि दोन्ही काठांवरच्या गच्च्या माणसांनी लदून जातात. नत्थूजींची गॅलरी नदीच्या अगदी तोंडावर होती.

गोटमार उद्या होती.

२

सौंसरच्या जीपमध्ये पोळ्याची बाजारगर्दी होती. कोणाच्या तरी मांडीवरच्या मातीच्या बैलाची शिंगं सुचिताला टोचत होती. डोक्यात एकच विचार होता. सौंसरच्या अंकुशलाही ते यंत्र हवं होतं. दोघं एकाच वर्गातले, लीड्सला एकाच घरात वरच्या-खालच्या खोल्यांत राहणारे. बोरगावच्या एका कारखान्याच्या शेडवर त्याचा प्रबंध होता, आणि गेल्या आठवड्यापासून तो मशीन मागत होता.

अंकुश ओसरीत लॅपटॉप घेऊन बसला होता. तिला पाहताच त्यानं तो फटकन मिटला.

"काय वं सुची, पोळ्याचं जेवण शोधत आली का?"

"मशीन दे."

"कोणती मशीन?"

"नाटकं नको करू. काल तू घरी आला होता. मी नव्हती."

"मी नाही नेली. चहा प्यायलो, काकूशी बोललो, निघालो. मागच्या अष्टमीले आलो होतो तवा काकू त्या पांढऱ्या साडीत कश्या दिसत होत्या! काल मात्र..."

"अंकुश!"

त्याचं हसू उतरलं. आत त्याची आई पुरण वाटत होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून तो पुढं सरकला आणि त्यानं लॅपटॉप उघडला. पडद्यावर आकड्यांच्या रांगाच रांगा होत्या.

"हे पाय. बोरगावच्या शेडचं सारं मोजमाप. अजून मी तिथं पायही नाही ठेवला. घरी बसून आकडे बनवून राहिलो."

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना. तिकडं गोदामात रात्रपाळ्या केल्या, अर्धे लेक्चर झोपेत गेले. काही येत नाही मले, सुची. अन् इथं बाबा साऱ्या सौंसरले सांगून राहिले, पोरगा इंजिनिअरचा साहेब होऊन राहिला म्हणून." त्याचे डोळे पाणावले होते. "मशीन मागत होतो ते फोटो काढाले. हातात धरून एक फोटो पाहिजे होता, बस."

तो खोटारडा होता, पण या बाबतीत खरं बोलत होता. आकडे बनवणाऱ्याला मोजायचं यंत्र कशाला?

"काय काय गेलं?" त्यानं विचारलं.

"मशीन. पेटी आहे, सेल आहेत."

"सेल ठेवून गेला?" अंकुश नवलानं हसला. "ते खास सेल इथं कुठं भेटते? सेल सोडून मशीन कोण चोरते वं? त्याले वापराची नाही, विकाची नाही. मंग नेली कायले?"

जीपमध्ये परत बसताना सुचिताला त्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. यंत्राचं तोंड बंद करायला.

३

नत्थूजींच्या इमारतीला आंब्याच्या पानांचं तोरण लागलं होतं. खाली संत्र्याच्या आडतीचं दुकान, वर राहायच्या खोल्या, आणि नदीकडे ती गॅलरी. ताज्या गुलाबी रंगात न्हालेली. रंगासाठी खालच्या टेकूच्या बल्ल्या परवाच काढल्या होत्या. बाजूला त्यांची रास पडली होती. गॅलरीला आता खाली काहीच आधार नव्हता.

दोन माणसं वर खुर्च्या लावत होती. सर्वांत पुढं, कठड्याला लागून, वेताची एक जुनी खुर्ची.

"ते माह्या मायचं आसन," नत्थूजी मागून म्हणाले. पांढरं धोतर, कपाळाला गुलाल, आवाजात साखर. "केसरबाई दरवर्षी लोकाच्या गच्चीवरून गोटमार पाह्यते. औंदा पोराच्या घरून पाह्यन. ये बेटा, करंजी खा."

"काका, उद्या कोणाले गॅलरीत उभं नका करू. लोखंड वर नाही."

"तुले कोण सांगतलं?"

"मशीननं."

"कुठं आहे मशीन?"

सुचितानं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. नत्थूजींच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. हा माणूस यंत्र घरात ठेवून विचारतोय की खरंच विचारतोय, तिला कळेना.

"हरवली? अरेरे." त्यांनी मान हलवली. "अन् सापडली असती तरी काय झालं असतं? मशीन टूं टूं करन अन् सारं गाव खाली उतरन? बेटा, लोक माणसाचं ऐकते. ते तिकडचं सिमेंट, तिकडची थंडी. इथं आपल्या हातानं बांधतो आपण."

"कचेरीत सांगीन मी."

"सांग ना. आज पोळ्याची सुट्टी, उद्या गोटमारीची. परवा सांग." ते जवळ आले, आवाज आणखी मऊ झाला. "पण काम कोणाच्या देखरेखीत झालं ते आधी विचारतीन. गौतमचं नाव येईन, तुह्या भावाचं. मी मालक, मी तं आडतीत बसलो होतो. काल तू इथं मोजत होती तवाच मी तुह्या आईले भेटून हेच सांगून आलो. समजदार बाई आहे. बकरी विकताना गिऱ्हाइकाले म्हणते, हिले खोकला आहे! सारं गाव हसलं होतं. पण आता बकरी घ्यायची तं लोक तिच्याच दारात जाते."

वर खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. सुचिताची नजर आपोआप त्या भेगेकडे गेली. नत्थूजींचीही गेली. क्षणभरच. मग ते हसले.

"तुह्या भावाले विचार," ते म्हणाले, "मशीन कुठं आहे ते."

४

गौतम नदीकाठी सापडला, पुलाच्या खालच्या अंगाला. पात्रात उद्यासाठी पळसाचं झाड रोवायची तयारी चालली होती. तो ती पाहत नव्हता. पाण्यात खडे टाकत बसला होता.

काल जेवताना सुचितानं गॅलरीचं सांगितलं, तेव्हा तो ताटावरून उठून गेला होता. गौतम नत्थूजींच्या बांधकामावर सुपरवायझर. बाबा गेल्यापासून घर त्याच्यावर, आणि तिची इंग्लंडची वाटही त्याच्याच खांद्यावरून गेलेली.

"दादा, स्लॅबच्या दिवशी काय झालं?"

त्यानं मुठीतले खडे चाळवले.

"नारळ फोडाचा होता," तो म्हणाला. "नत्थूजी म्हणे, नदीकडच्या टोकावर फोडू, शोभा येते. सारा कुटुंबकबिला लोखंडाच्या जाळीवर चढला. सुना, जावई, व्याही. फोटो काढून राहिले, नाचून राहिले. लोखंड वर उचलून धराले खालून चेअर ठेवले होते मी, सारे चपटे झाले. लोखंड जाऊन फळ्याइले टेकलं. मी म्हटलं, काका, हे उचलून बांधतो, थोडा वेळ द्या. ते म्हणे, मुहूर्त टळते, मिक्सर चालू आहे, टाक."

"अन् तू टाकलं."

"टाकलं." त्याचा खडा पाण्यात बुडाला. "तवापासून झोप नाही मले. बल्ल्या होत्या तोवर धीर होता."

"मशीन तू घेतली?"

"नाही. आईची शपथ." त्यानं प्रथमच तिच्याकडे पाहिलं. "घ्यायची होती. तुले खोटं कायले सांगू? पहाटे तुह्या खोलीत आलो, तू झोपून होती. पेटी काढली, उघडली. तवाच खाली होती ते. मी कड्या लावून परत ठेवून दिली."

सकाळपासूनच्या धास्तीत जे सुचलंच नव्हतं ते सुचिताला आता आठवलं. काल रात्री जेवण झाल्यावर तिनं स्वतः यंत्र पेटीत ठेवलं होतं. पहाटे पेटी रिकामी होती. अंकुश दुपारीच गेला होता. नत्थूजी संध्याकाळी. दाराला आतून अडसर होता.

"दादा," ती हळूच म्हणाली, "रात्री घरात आपण तिघंच होतो."

५

घरी परतताना तिनं मॅडमची शिकवण धरली. काही उमगेना, तर विचारायचं, कशाच्या आधी काय झालं. पाया आधी, भिंत मग. प्रत्येक कामाला त्याच्या आधीचं काम असतंच.

यंत्र जाण्याआधी काय झालं? पेटी उघडली. मग सेल काढले, आणि ओळीनं निजवून ठेवले. घाबरलेला चोर असं करत नाही. यंत्र नदीत फेकायचं असेल त्याला सेलची काळजी कशाला? वस्तू ठेवणीत टाकण्याआधी सेल कोण काढतं? जो ती पुन्हा वापरायची आहे असं समजतो. बॅटरी असो, भिंतीवरचं घड्याळ असो, पडून राहिल्यावर सेल फुटतात आणि वस्तू खराब होते म्हणून ते आधी काढणारा हात तिच्या घरात एकच होता.

चोर मशीन परत देणार होता. फक्त उद्याचा दिवस जाऊ देणार होता.

आणि चौकशी? अंकुश नाही म्हणाला. गौतम नाही म्हणाला. सकाळपासून ज्याला विचारलं त्यानं सरळ उत्तर दिलं. एकच माणूस असा होता, ज्यानं 'नाही' हा शब्द उच्चारलाच नव्हता. पेटीत पाय. अंकुश येऊन गेला. माही सवय आहे का?

सांजवेळ झाली होती. मेणबत्तीपुढं आई बसली होती. तिच्या अंगावर तीच निळ्या फुलांची साडी होती. आज अमावास्या. पौर्णिमा, अष्टमी, अमावास्येला पांढरी साडी नेसून अष्टशील घेतल्याशिवाय आई पाण्याला शिवत नसे.

सुचिता दारातच थांबली. आईनं पहिलं शील म्हटलं, जिवाची हिंसा करणार नाही. मग थांबली. या वेळी ठसका लागला नाही. तिनं सरळ तिसरं उचललं.

दुसरं शील, न दिलेलं घेणार नाही, हे तिनं सकाळीही म्हटलं नव्हतं.

"आई," सुचिता तिच्याजवळ बसत म्हणाली, "पांढरी साडी काढ ना वं ट्रंकेतून."

आईचे ओठ थांबले. मग ती उठली, ट्रंक उघडली आणि पांढऱ्या साडीची घडी दोन्ही हातांनी उचलून लेकीच्या मांडीवर ठेवली. घडी जड होती.

"सेल काढून ठेवले होते," ती म्हणाली. "तुह्या शिक्षणाचं नुकसान करायचं नव्हतं मले."

"काऊन केलं असं?"

"नत्थूजी म्हणे, मशीन बोलली तं पयले गौतम आत जाईन. एक लेकरू परदेशी, दुसरं जेलात? मले वाटलं, मशीन गप्प राहिली तं सारंच गप्प राहीन." तिनं ट्रंकेचं झाकण लावलं. "दिवसभर बुद्धाकडे पाहू नाही शकली मी."

"आई, उद्या त्या गॅलरीत केसरबाई बसणार आहेत. सर्वांत पुढं. त्यांच्या मागं सुना, नातवंडं."

प्रमिलाबाईंनी डोळे मिटले. मग फुंकर न घालता बोटानं मेणबत्ती विझवली.

६

सकाळी नदीकाठ माणसांनी फुलला होता. ढोल वाजत होते, पात्रात पळसाच्या झाडावर झेंडा फडकत होता. नत्थूजींच्या जिन्यावर पाहुण्यांची रांग लागली होती.

सुचिता कशीबशी वर पोचली. सेल घातलेलं यंत्र तिनं आतल्या खोलीच्या जमिनीवर फिरवलं. टूं टूं. उंबऱ्यावरून हात लांबवून गॅलरीवर टेकवलं. काही नाही.

"पाहा! इथं लोखंड खाली गेलं आहे. ही गॅलरी माणसं पेलणार नाही!"

"सेल संपले असतीन वं," जिन्यावरून कोणी ओरडलं.

"इंग्लंडची मशीन आहे बापा, तिले गुलाबी रंग पसंत नाही!"

हशा पिकला. नत्थूजीही हसले. दोघी सुनांच्या आधारानं केसरबाई उंबऱ्यापाशी आल्या होत्या. लहानशी म्हातारी, नऊवारीत हरवून गेलेली. सुचिताच्या मनात मॅडमची ती यादी वाचली जाऊ लागली, आणि आता तिच्यातली नावं सारी ओळखीची होती.

तेवढ्यात जिन्यावरची माणसं बाजूला होऊ लागली. पांढऱ्या साडीत प्रमिलाबाई वर येत होत्या. त्या आल्या आणि गॅलरीच्या उंबऱ्यातच बसल्या, वाट अडवून.

"मी चोरी केली," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू. ऐकायला लोकांना गप्प व्हावं लागलं. "पोरीची मशीन लपवून ठेवली. ही गॅलरी माह्या पोरानं भरली. लोखंड लोकाइच्या पायानं दबलं होतं. त्यानं पाह्यलं, अन् भरली. त्याले वाचवासाठी मी चोरी केली. काय व्हायचं ते होवो त्याचं, मी आता सांगून राहिली. ही पडते. कोणी पाय नका ठेवू."

ढोल दूर वाजत राहिले. सेलची थट्टा करणारा माणूस एक पायरी खाली उतरला. त्याच्यामागचा दुसरा.

"अवो, बाई घाबरली आहे," नत्थूजी म्हणाले. "लोखंडासारखी मजबूत आहे गॅलरी!"

"नत्थ्या," केसरबाई बोलल्या. "हे बाई बकरीचा खोकला लपवत नाही. स्वतःच्या पोराचं नाव घेऊन खोटं बोलन का?"

"माय, तू बस ना..."

"बसतो ना. मजबूत आहे म्हणतो, तं पयले तू उभा राय तिथं. मी तुह्या मागून येतो."

प्रमिलाबाई सरकल्या. वाट मोकळी झाली. नत्थूजींनी चौकट धरली, पाय उचलला. सगळं गाव तो पाय पाहत होतं. तो उंबऱ्यावर तरंगला, खाली गुलाबी जमिनीकडे गेला, आणि तिला न टेकताच मागं आला.

"खुर्च्या आत घ्या," नत्थूजी कोणाकडेच न पाहता म्हणाले.

पुढं होऊन कोणी खुर्च्या आणायला धजेना. खालून गौतम ओरडत होता, बल्ल्या घेऊन. गर्दीतली माणसं त्याच्या हाताखाली लागली. पहिली बल्ली ठोकली तेव्हा भिंतीपाशी पांढरी भुकटी झिरपली. सुचितानं वाकून पाहिलं. केसाएवढ्या भेगेत आता नख जात होतं. वेताची ती खुर्ची कठड्यापाशी तशीच एकटी उभी होती.

त्या संध्याकाळी घरात दिवा लवकर लागला. नदीवरचा गलका ओसरला होता. गौतम ओसरीत नवा सदरा घालून बसला होता. ठाण्यातून कोणी बोलवायला आलं तर तयार असावं म्हणून. प्रत्येक गाडीच्या आवाजाला त्याची मान वर होई. उद्या त्याचं काय होणार, कोणालाच ठाऊक नव्हतं.

आईनं मेणबत्ती लावली. पहिलं शील म्हटलं आणि ती थांबली. तिच्या पाठीमागं सुचिता श्वास रोखून बसली होती. सेल काढलेलं यंत्र पिवळ्या पेटीत होतं, आणि पेटीवर पांढऱ्या साडीचा पदर पडला होता.

थांबली, थांबली, आणि मग आईनं दुसरं शील उचललं. आवाज कापत होता. सुचितानं आणि ओसरीतून गौतमनं तिच्या आवाजात आपला आवाज मिसळला.